धुराची जमाबंदी

सरकारच्या नजरेतून या भूतलावरची कोणतीही वस्तू फार काळ सुटत नाही, असा मुलकी खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचा अनुभव आहे. जमिनीवर सारा बसला, घरावर घरपट्टी बसली, डोंगरातल्या गवतावर चराईची फी बसली, आणि समुद्राने फुकट दिलेल्या मिठावर तर असा कर बसला की त्यापायी एका महात्म्यास साबरमतीहून दांडीपर्यंत पायी जावे लागले. परंतु ज्याचा सातबारा नाही, ज्याला चतुःसीमा नाहीत आणि ज्याची पैमाईश करावयास निघालेल्या मोजणीदारास साखळीचे टोक टेकवावयासही जागा सापडत नाही, असा चुलीतून निघून कौलांच्या फटींवाटे आकाशात जाणारा धूर मात्र आजवर बिनआकारी राहिला होता. आता त्याचेही दिवस भरले आहेत. जगातील विद्वानांनी आणि मुत्सद्द्यांनी एकत्र बसून धुराची जमाबंदी सुरू केली असून, प्रत्येक इसमाने आपल्या नावावर वर्षाकाठी किती कार्बन खर्ची पडतो याची कैफियत आपल्याच हस्ताक्षरात लिहून द्यावी आणि तो खर्च उत्तरोत्तर कमी करीत जावा, अशी अपेक्षा प्रसृत झाली आहे. या हिशेबास कार्बन फूटप्रिंट असे नाव असून सुशिक्षित घरांत सध्या रक्तदाबाच्या खालोखाल त्याचीच चौकशी होते.

या वैयक्तिक हिशेबाचे वेड सामान्य जनतेत पसरवण्याचे बरेचसे श्रेय ब्रिटिश पेट्रोलियम नामक जगड्व्याळ तेल कंपनीकडे जाते, हे आम्हांस अलीकडेच समजले. या कंपनीने २००४-०५ च्या सुमारास जाहिरातींची मोठी मोहीम काढली आणि गिऱ्हाइकांनी आपापला कार्बन घरबसल्या मोजावा म्हणून संगणकावर गणकयंत्रही उपलब्ध करून दिले. ताडीच्या दुकानदाराने पेला भरून देताना गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या हातात व्यसनमुक्तीची वही ठेवावी आणि रोज किती घोट घेतले ते प्रामाणिकपणे टिपून ठेवण्याचा प्रेमळ आग्रह करावा, त्यातलाच हा प्रकार होय. वसुलीची जबाबदारी रयतेवर टाकून आपण जमाबंदीचे सल्लागार व्हावे, ही युक्ती आमच्या खात्यातल्या भल्याभल्या अव्वल कारकुनांनाही सुचली नव्हती.

आमच्या पंचक्रोशीत या नव्या जमाबंदीचे पहिले खातेदार म्हणजे आमचे एक स्नेही. त्यांचे बिऱ्हाड मुंबईच्या पश्चिम उपनगरात आणि चिकूची वाडी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीस. त्यांची दात घासण्याची कुंचली बांबूची, पाण्याची बाटली तांब्याची आणि पिशवी खादीची असते; या तिन्ही सात्त्विक वस्तूंना घेऊन दर शनिवारी जी मोटार येते, ती मात्र वजनाने दोन टन भरते. मोटारीत ते एकटेच असतात, कारण घरातल्या इतर मंडळींना सवड होत नाही. अन्न शक्यतो स्थानिक असावे असे नव्या शास्त्राचे एक कलम आहे. त्याचे पालन म्हणून, ज्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्याच्याच जातभाईंची एक करंडी ते स्वहस्ते तोडतात आणि त्याच मोटारीतून उपनगरात नेऊन तिथे स्थानिक म्हणून खातात.

धुराच्या अंकगणितात जी मौज आहे ती अन्य कोणत्याही हिशेबात नाही. एक लिटर पेट्रोल वजनाला सुमारे पाऊण किलो भरते. तेच जाळले असता त्यातून सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघतो कसा, अशी शंका हिशेबी मनुष्यास येणारच. तिचे समाधान असे की पेट्रोलातला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू उसना घेतो आणि त्या उसनवारीचे वजन मुद्दलाहून कितीतरी अधिक असते. हे रसायनशास्त्र डहाणूच्या जुन्या सावकारांना ठाऊक असते, तर आदिवासींना खावटीचे भात देऊन हंगामात दिढीने वसूल करण्यावर त्यांनी समाधान मानले नसते. याच कोष्टकाप्रमाणे १४.२ किलो गॅसच्या एका टाकीतून सुमारे ४२ किलो, आणि कोळशावर तयार झालेल्या विजेच्या एका युनिटामागे एक किलोच्या आसपास कार्बन डायॉक्साइड निघतो. स्नेह्यांच्या मोटारीस उपनगर ते बोर्डी येण्याजाण्यास वीस लिटर पेट्रोल धरले, तर त्यांच्या एका शनिवार-रविवारच्या निसर्गसान्निध्याचा धूर ४६ किलो, म्हणजे गॅसची अख्खी टाकी संपवून वर चार किलो शिल्लक! डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकलगाडी एप्रिल २०१३ पासून धावत आहे, ही माहिती आम्ही त्यांस सविनय सादर केली. त्यांनी ती वहीत ‘विचाराधीन’ या सदराखाली टिपून घेतली.

स्वतःची कैफियत पुरी झाल्यावर स्नेह्यांचे लक्ष वाडीच्या गड्याकडे वळले. हा गडी वारली, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. त्याचाही कार्बन मोजून त्यास कपातीचे उद्दिष्ट नेमून द्यावे, असे स्नेह्यांनी ठरवले. छापील प्रश्नावली निघाली, आणि पंच म्हणून आम्हांस ओट्यावर बसवण्यात आले.

“गेल्या वर्षात विमानप्रवास किती झाला?”

“विमान वरनं जातं, शेट. पाड्यावर थांबत नाय.”

“राज्याबाहेर जाणे-येणे?”

“रोजच. पोरगा उंबरगावच्या कारखान्यात हाय.” उंबरगाव तलासरीच्या शेजारी असले तरी गुजरातेत मोडते, सबब स्नेह्यांनी ‘नियमित आंतरराज्य प्रवास’ असा गंभीर शेरा मारला आणि विचारले, “वाहन एकट्याने वापरतो की सामायिक?”

गडी जरा घोटाळला. “टेम्पोत आत बसल्याली तेवढीच धरायची, का टपावरची पण?”

वाहनांचा सामायिक वापर वाढवावा म्हणून पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणी परिसंवाद भरत असताना, तलासरीच्या नाक्यावर हे तत्त्व पराकाष्ठेला पोचून पाठीमागच्या शिडीला लोंबकळत असते, हे त्या परिसंवादांच्या कानी कोणी घालील काय? प्रश्नावली पुढे चालली. मांसाहार आठवड्यातून किती वेळा, यास उत्तर आले, “घावला तवा”. त्यात पावसाळ्यातले खेकडे आणि एरवीचा सुका बोंबील आला. घर थंड राखण्याचे यंत्र कोणते, यावर गड्याने कारवीच्या कुडाचे आणि शेणाने सारवलेल्या भिंतीचे नाव सांगितले; प्रश्नावलीत तसा रकाना नसल्यामुळे ते ‘इतर’मध्ये गेले. गॅसची टाकी सरकारी योजनेतून मिळाली होती. परंतु ती दुसऱ्यांदा भरण्याइतके पैसे एकरकमी हाती येत नसल्याने तूर्त तिच्यावर दळणाचा डबा ठेवण्याची सोय झाली होती. स्वयंपाक लाकडावर. लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे, तोडलेल्याच्या जागी रान पुन्हा वाढत असेल तोवर तो जागतिक हिशेबात धरीत नाहीत. तो धरला जातो केवळ घरधनिणीच्या डोळ्यांत आणि छातीत.

अखेर बेरीज झाली, आणि ती इतकी क्षुल्लक निघाली की प्रश्नावली रचणारालाच संशय यावा. वास्तविक भारतीय मनुष्याच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइड येतो, जगाची सरासरी पाच टनांच्या आत आहे आणि अमेरिकन गृहस्थाची चौदा टनांच्या घरात जाते. परंतु सरासरी ही अशी दयाळू देवता आहे की ती मलबार हिलच्या दहाव्या मजल्यास आणि तलासरीच्या कुडाच्या झोपडीस एकाच पंगतीला बसवते, एकाचे ताट दुसऱ्यापुढे सरकवते आणि दोघेही सारखेच जेवले असा दाखला देते. प्रश्नावलीचा शेवटचा रकाना ‘कपातीचे उद्दिष्ट’ हा होता, आणि तो रिकामा सोडण्याची मुभा नव्हती. आता कपात करावी कशात? बराच विचार करून स्नेह्यांनी सुचवले की रात्रीचा दिवा तासभर आधी मालवावा.

“ते काम वीजवालेच करतात, शेट,” गडी म्हणाला, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे त्याने विचारले, “सोडलेला श्वास पण धरायचा का?”

हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. मनुष्य श्वासावाटे दिवसाकाठी एक किलोच्या आसपास कार्बन डायॉक्साइड सोडतो, आणि ज्या डहाणूत रबरी फुगे बनवण्याचे इतके कारखाने आहेत तिथे त्याचा विचार व्हावा हे क्रमप्राप्तच होय. सुदैवाने हा कार्बनही पिकांनी हवेतूनच घेऊन भातानागलीतून आपल्यास दिलेला असल्याने श्वास तूर्त करमुक्त आहे. स्नेह्यांना हे ऐकून हायसे वाटले, कारण ते प्राणायाम करतात.

या ठिकाणी जमाबंदीतला खरा पेच उभा राहतो, आणि तो म्हणजे धुराच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव कोणाचे लावावे. डहाणूच्या खाडीकाठी प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच असलेले औष्णिक वीजकेंद्र १९९५-९६ च्या सुमारास सुरू झाले. त्याचे मालक एकामागून एक बदलले, पावणेतीनशे मीटर उंचीचे धुरांडे मात्र जागेवरून हलले नाही. कोळसा आगगाडीने दूरच्या खाणींतून येतो, वीज तारांवरून मुंबईच्या उपनगरांत जाते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या या व्यवहारात मुक्कामाला राहते ती केवळ राख. बागायतदारांनी ओरड केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसले, आणि त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २००७ साली धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा एकदाची चालू झाली. त्या स्नानात गंधकाचा मळ निघतो, परंतु कार्बन कोरडाच्या कोरडा बाहेर पडतो. आता या धुराचा धनी कोण? कोळसा जळला डहाणूत. पण तो जळाला स्नेह्यांच्या दिवाणखान्यातली हवा थंड राहावी म्हणून. आमच्या खात्याच्या पद्धतीप्रमाणे कबजेदाराच्या रकान्यात उपनगराचे नाव लावून डहाणूची नोंद ‘इतर हक्क’ या सदरात, खोकला व चिकूची फूलगळ यांच्या बोज्यासह, करावी लागेल.

तलासरीची तऱ्हा याहूनही न्यारी. या तालुक्याला जाण्याचे ठिकाण असे कोणी समजतच नाही. सगळे जातात ते त्याच्यावरून. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग डहाणूतून जातो, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग तलासरीत शिरतो, आणि बुलेट ट्रेनची वाट या दोन्ही तालुक्यांतून असली तरी तिची स्थानके एकीकडे बोईसरला आणि दुसरीकडे वापीला असल्याने, येथील रयतेने तीत बसून आपला कार्बन वाढवण्याची यत्किंचितही भीती उरलेली नाही. दापचरीच्या तपासणी नाक्यावर मालमोटारींची रांग लागते तेव्हा तलासरीत धूर उतरतो, माल उतरत नाही.

मुंबईने आपला भार या मुलखाकडे सरकवण्याची रीत तशी पुरातन आहे. मुंबईचे गोठे शहरातून हलवावेत या उद्देशाने शासनाने दापचरीस विस्तीर्ण दुग्धप्रकल्प उभारला. कालांतराने त्याची रया गेली ती गोष्ट निराळी. म्हशीच्या ढेकरातून मिथेन निघतो आणि शतकभराच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, हे ध्यानी घेतले म्हणजे महानगराचे उत्सर्जन आदिवासी तालुक्यात बदली करण्याचा हा पहिला सरकारी प्रयोग ठरतो. त्याही आधी म्हशी मुंबईत होत्या तेव्हा त्यांचे गवत येथून जात असे, आणि ते कापीत वारली. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि यापुढे जमीनदाराची वेठ करावयाची नाही, असा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या हंगामात, गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या आधाराने, ५०० रतल गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळाल्यावाचून विळा हाती धरणार नाही असा संप झाला. दुसऱ्याच्या लाभाचे काम बिनमोबदला आपण करावयाचे नाही, इतकाच त्या लढ्याचा साधा मथितार्थ होता. आणि तो या तालुक्यांना जितका उमगला तितका हवामान परिषदांना अद्याप उमगलेला दिसत नाही.

परिषदांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पॅरिसला डिसेंबर २०१५ मध्ये तापमानवाढ दीड अंशांच्या आत रोखण्यासाठी झटण्याचे ठरले. ग्लासगोला २०२१ साली भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले आणि पर्यावरणास साजेशा जीवनशैलीचा मंत्रही दिला. दुबईस २०२३ साली ऐंशी हजारांहून अधिक प्रतिनिधींची नोंद झाली, आणि ते तेथवर चालत गेले नसावेत. आपल्या राज्यातही ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून चालू आहे. या सर्व उपक्रमांच्या फलकांवर एक गोष्ट हटकून आढळते: झाडाभोवती फेर धरलेली, तारप्याच्या सुरावर नाचणारी, त्रिकोणी अंगाची वारली माणसे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी गेरूच्या भिंतीवरची ही तांदळाच्या पिठाची चित्रे जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता त्याच आकृती प्लास्टिकच्या फ्लेक्सवर छापल्या जातात, मालमोटारीतून तलासरीस येतात आणि पाड्याच्या तोंडाशी उभ्या राहून वारल्यास निसर्गाशी एकरूप कसे व्हावे याचे शिक्षण देतात. उपदेशक आणि उपदेश्य यांचे असे अद्वैत वेदान्तातही दुर्मिळ!

फलक नव्हते तेव्हा काय होते, तर राजपत्र होते. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली आणि प्रदूषणकारी धंद्यांना दार लावले; पॅरिसची शाई वाळण्यापूर्वी चोवीस वर्षे डहाणूने आपले कपातीचे उद्दिष्ट अशा रीतीने लेखी दिले होते. त्याच आधारावर १९९८ साली प्राधिकरणाने वाढवणच्या बंदरास नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने बंदरास संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ अशी घोषणा देत मच्छीमार अजून उभेच आहेत. एकीकडे समुद्रात भराव घालून बंदर उभे राहणार, आणि दुसरीकडे त्याच किनाऱ्यावरच्या कोळिणीने पातळ पिशवीत मासळी दिली म्हणून तिला दंड होणार. मोठ्या खातेदाराला मुदतवाढ आणि लहान खातेदाराच्या दारी जप्ती, हा जमाबंदीचा सनातन नियम धुरालाही लागू पडला म्हणावयाचा.

यावर आमच्या अल्पमतीस सुचलेला तोडगा नवा नाही. कुळकायद्याच्या काळात ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र गाजले. त्याच धर्तीवर ‘उपभोगील त्याचा धूर’ असा एक साधा कायदा करावा. मोटार ज्याची, पेट्रोलाचा धूर त्याच्या नावे; थंडावा ज्याचा, खाडीकाठचा कोळसा त्याच्या नावे; माल ज्याचा, महामार्गावरचे डिझेल त्याच्या नावे. अशी फेरफार नोंद झाली की तलासरीच्या खात्यावर काही टेम्पो आणि काही दिवे यांपलीकडे फारसे उरणार नाही, आणि जो कर कधी लागूच नव्हता तो कमी करण्याच्या चिंतेतून एक अख्खा तालुका मुक्त होईल.

स्नेही न्यायी गृहस्थ असल्याने त्यांना हे पटले. परंतु धूर आपल्या नावे लागताच तो दुसऱ्याच्या शेतात पुरून टाकण्याची सोय शास्त्रात आहे, हेही त्यांना ठाऊक होते. झाडे लावावी म्हणजे ती कार्बन शोषून घेतात. ढोबळ मानाने, एक मोठे झाड वर्षभर राबून जेवढा कार्बन पोटात घेते तेवढा मोटार नुसत्या बोर्डीस येतानाच बाहेर टाकते. सबब शंभर रोपांची खरेदी झाली आणि ती गड्याच्या वनपट्ट्यात, वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या आणि नागली-वरईच्या पेरणीसाठी राखलेल्या तुकड्यात, लावण्याचा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवण्यात आला.

गड्याने रोपे न्याहाळली. “पावसाळ्यात जगतील,” तो म्हणाला, “पण वैशाखात पाणी कोण घालील? सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारला जातं. आमच्या बायका नाल्यात झरा उकरून हंडा भरतात. गाडी तुमची, धूर तुमचा, झाडं तुमची, आणि पाणी आमच्या बायकांनी वाहायचं, ही तर वेठ झाली, शेट.” मग समोर बोट दाखवून त्याने अत्यंत व्यवहार्य सूचना केली, “इथंच लावा की. अंगण केवढं मोठं हाय.”

आम्ही तिघांनीही अंगणाकडे पाहिले. अंगण खरोखरच प्रशस्त होते, विहिरीला पाणी होते, आणि शंभर नाही तरी वीस झाडे तिथे सुखाने मावली असती. परंतु पावसात चिखल होऊन मोटार वळवताना चाके रुतत असल्याकारणाने गेल्याच महिन्यात त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले होते. सबब, जागेअभावी प्रकरण पुढील जमाबंदीपर्यंत तहकूब करण्यात आले.